आधी मराठीत वाक्य म्हण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे आइसलँडिक आणि मधे बरोबरचं चिन्ह. 'नो' (माहीत असणं) बरोबर 'विता', 'लिव्ह' बरोबर 'लिवा', 'आस्क' बरोबर 'स्पिर्या'. आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, तू तोंड उघडलंस की समोरचा माणूस इंग्रजीवर येतो, आणि तू ते स्वतःच्या बुद्धीवर घेतेस. बुद्धीचा इथे काही संबंध नाही. ते बरोबरचं चिन्ह खोटं आहे, आणि पाठांतर कितीही केलंस तरी ते खरं होणार नाही.

तुझंच वाक्य घे, 'येग लिवी ई रेक्याविक'. तुला म्हणायचं होतं, मी रेक्याविकमध्ये राहते. आइसलँडिक माणसाला ऐकू आलं, मी रेक्याविकमध्ये जगते, जिवंत आहे. इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही मावतं. मराठीत मावत नाही: आपण राहतो एक आणि जगतो दुसरं. आइसलँडिकमध्येही राहण्याला 'बूआ' किंवा 'एइगा हेइमा' आणि जगण्याला 'लिवा'. 'येग बी ई रेक्याविक' म्हटलंस की काम झालं. हा फरक तुला लहानपणापासून येतो. तो इंग्रजीच्या दारात उतरवून मग पुन्हा शोधत का बसायचं? (उच्चार देवनागरीत ढोबळच लिहितोय. 'थ' म्हणताना जिभेचं टोक दातांमध्ये घे आणि हवा सोड, आपला 'थ' नको.)

म्हणून एकच गोष्ट सांगतो आणि पत्रभर तीच सांगणार आहे: आधी मराठीत पूर्ण वाक्य म्हण. शब्द नव्हे, वाक्य. मग त्यातल्या क्रियापदासाठी आइसलँडिक शोध.

'नो'चंच बघ. मला माहीत आहे, मला येतं, मी ओळखते. तीन मराठी वाक्यं, तीन आइसलँडिक क्रियापदं. तो कुठे राहतो हे माहीत आहे: 'येग वेइत क्वार हान बीर', क्रियापद 'विता'. मला पोहता येतं: 'येग कान आद सिन्दा', क्रियापद 'कुन्ना'. भाषा येणं आणि कविता पाठ येणं हेही 'कुन्ना'कडेच जातं. मी त्याला ओळखते: 'येग थेह्की हान', क्रियापद 'थेह्क्या'. तू लिहिलेलं 'येग वेइत हान' व्याकरणाच्या पुस्तकात चुकीच्या वाक्याचा नमुना म्हणून शोभेल. फक्त एक सांभाळ. मराठीत 'मला येतं' असलं तरी 'कुन्ना'चा कर्ता साधी प्रथमा घेतो, म्हणजे 'येग'च. मराठीकडून अर्थ घे, विभक्ती तपासून घे.

'आस्क' तर याहून सोपं. प्रश्न विचारायचा तर 'स्पिर्या', काही मागायचं तर 'बिद्या उम'. हॉटेलात पाण्यासाठी 'स्पिर्या उम' म्हटलंस तर तू पाण्याबद्दल चौकशी केलीस असा अर्थ होतो. मराठीत तू पाणी मागतेस, विचारत नाहीस. मग चूक होतेच कशी? वाक्य इंग्रजीत जुळवलंस म्हणून होते.

'थिंक'वर मात्र जरा थांब, कारण इथे मराठी तुला जे देते ते इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला महिनोन्महिने घोकावं लागतं. विचार करणं म्हणजे 'हुग्सा'. अंदाज बांधणं, समजून चालणं म्हणजे 'हाल्दा': 'येग हेल्द आद हान स्ये हेइमा', तो घरी असेल असं मी धरून चालले आहे. 'एर'ऐवजी 'स्ये' आलं ते बघ, आपल्या 'आहे' आणि 'असेल'सारखंच. आणि आवडनिवड किंवा मत सांगायचं तर 'फिन्नास्त': 'म्येर फिन्स्त काफिद गोह्त', मला ही कॉफी चांगली वाटते. 'म्येर' म्हणजे मला. कर्ता चतुर्थीत! थंडीचंही तेच. 'म्येर एर काल्त' म्हणजे मला थंडी वाजतेय. 'येग एर कोल्द' म्हटलंस तर तुझं अंग हाताला गार लागतं असं होईल. इंग्रजीतून शिकणारे इथे हटकून अडखळतात. तुला अडखळायचं काही कारण नाही.

पण लगेच सैल पडू नकोस. 'मला हवंसं वाटतं' याला 'मिग लाउंगार', 'मला गरज आहे' याला 'मिग वान्तार'. हे 'मिग' द्वितीयेतलं आहे आणि मराठीचं 'मला' दोन्हीकडे सारखंच दिसतं. त्यामुळे तू 'म्येर लाउंगार' म्हणशील. कित्येक आइसलँडिक माणसंही म्हणतात. त्या सवयीला तिथे 'थाउगुफाल्ससीकी' असं नावच आहे, चतुर्थीचा आजार. तरी तू 'मिग'च शीक.

मराठी जिथे पुरत नाही ती जागाही दाखवतो. 'चेंज'ला आपणही 'बदलणं' असं एकच क्रियापद वापरतो. तिथे स्वतःला विचार: वस्तू तीच राहून वेगळी झाली, की ती जाऊन दुसरी आली? तीच राहिली तर 'ब्रेइता', आणि कर्म चतुर्थीत. दुसरी आली तर 'स्किफ्ता उम', आणि कर्म द्वितीयेत. तिकडे खिळ्यांचे टायर, 'नाग्लादेह्क', १५ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर एरवी चालत नाहीत, म्हणून वसंतात सगळे टायर बदलून घ्यायला जातात. तिथे 'स्किफ्ता उम देह्क' म्हणायचं. 'ब्रेइता देह्क्युनुम' म्हटलंस तर त्याच टायरमध्ये काही फेरफार करायला सांगितलंस. कपडे आणि मत दोन्ही 'स्किफ्ता उम'कडे जातात.

इंग्रजीत 'नेल', 'बँक', 'स्प्रिंग' अशा एकेका शब्दाला दोन अर्थ आहेत, पण त्या नामांची काळजी करू नकोस. खिळा 'नाग्ली' आणि नख 'नोग्ल', नदीकाठ 'बाह्की' आणि पैशाची बँक 'बाउंकी', ऋतू 'वोर' आणि गादीतली स्प्रिंग 'गोर्मुर'. यांत घोटाळा झाला तरी माणसं समजून घेतात. 'टाइम'पुरती सवय लाव: वेळ म्हणजे 'तीमी', किती वाजले म्हणजे 'क्वाद एर क्लुह्कान', आणि दोनदा, तीनदा म्हणजे 'त्विस्वार', 'थ्रिस्वार'. चारपासून 'फ्योरुम सिन्नुम' असं दोन शब्दांत.

आणि 'दे', म्हणजे ते, त्या, ती! इंग्रजीत एक, आइसलँडिकमध्ये तीन: पुरुष असतील तर 'थेइर', बायका असतील तर 'थाइर', एक बाई आणि एक पुरुष असेल तर नपुंसकलिंगी 'थोय'. वर्गात हे ऐकून सगळे चक्रावतात. तू कशाला चक्रावतेस? नवराबायको आले तर तू 'ती दोघं आली' म्हणतेस ना? तेच 'थोय'.

आता काम. जुनी वही बंद कर, फाडू नकोस. नव्या वहीत एका पानावर एकच मराठी वाक्य. खाली आइसलँडिक क्रियापद 'मी'च्या रूपात, त्याखाली कर्त्याची आणि कर्माची विभक्ती, आणि शेवटी शब्दकोशातून उतरवलेलं एक अस्सल वाक्य. मराठी-आइसलँडिक शब्दकोश हाताशी नाही, म्हणून इंग्रजी शब्दकोश उघडावाच लागेल. पण तिथे पहिला प्रतिशब्द उचलून पळू नकोस. जे तीन-चार दिसतील ते सगळे आर्नी माग्नुसन या आइसलँडिक भाषेच्या संशोधन संस्थेच्या आधुनिक आइसलँडिक शब्दकोशात एकेक करून बघ. तो फुकट आहे. क्रियापदापाशी 'फाल्स्त्योर्न' असं लिहिलेलं असतं, म्हणजे कोणती विभक्ती: 'थोल्फात्ल' द्वितीया, 'थाउगुफात्ल' चतुर्थी, 'एइग्नारफात्ल' षष्ठी. रूप अडलं तर त्याच संस्थेचा 'बीन' हा रूपकोश उघड. दिवसाला पाच पानं, जास्त नकोत. सहाव्या पानापासून तू पुन्हा बरोबरची चिन्हं काढायला लागशील.

मराठी मधे आणली की शिकणारा मागे पडतो, असं मला ऐकवणारे पुष्कळ आहेत. ते स्वतः इंग्रजी मधे आणतात आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. शिकणाऱ्याच्या डोक्यात कोणती तरी भाषा आधी असणारच. मग ज्या भाषेत 'मला वाटतं' आहे, तीन लिंगं आहेत, राहणं आणि जगणं वेगळं आहे, तीच का नको? या मुद्द्यावरून मी हलणार नाही.

दुकानात कुणी इंग्रजी सुरू केलं तर 'येग एर आद लाइरा ईस्लेन्स्कु' म्हण, मी आइसलँडिक शिकतेय, आणि पुढचं वाक्य आइसलँडिकमध्येच बोल. चुकलं तरी चालेल, फक्त इंग्रजीत उतरू नकोस.

पुढच्या पत्रात 'लीव्ह' घेऊ. घरातून निघणं, छत्री विसरून येणं, नोकरी सोडणं, माणसाला सोडून जाणं, जेवण झाकून ठेवणं. या पाचांची मराठी वाक्यं आधी पाठव. आइसलँडिक त्यानंतर.

तुझा,
काका