एक्सएमएलमधून डेटाबेसमध्ये

प्रश्न : आमच्या सोलापूरच्या चादर कारखान्यात व्यापाऱ्यांच्या ऑर्डर एक्सएमएल फाइलमध्ये (माहिती खुणांच्या जोड्यांत मांडणारी मजकूर फाइल) येतात. जावा प्रोग्रामद्वारे त्या डेटाबेसमध्ये कशा साठवाव्यात? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : फाइलच्या स्कीमावरून (फाइलमधील माहितीच्या रचनेचा आराखडा) जॅक्सबी (JAXB) ही लायब्ररी जावाचे क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचे साचे, तयार करते आणि प्रत्येक ऑर्डरचे ऑब्जेक्ट बनवून देते. २०१८ च्या जावा ११ पासून ती मूळ संचात नसल्याने वेगळी जोडावी लागते.

ऑर्डर आणि तिच्यातील चादरींचे नग यांसाठी दोन स्वतंत्र टेबल करून ती ऑर्डर क्रमांकाने जोडावीत, आणि एका ऑर्डरच्या सर्व नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सर्व नोंदी साठतात, नाहीतर एकही नाही) लिहाव्यात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट ऑर्डर साठवली जाणार नाही. ऑर्डर क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा साठू न देणारा नियम) अवश्य घालावे. तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा वाचली गेल्यास दुप्पट माल विणला जाण्याचा धोका, माझ्या मते, सर्वांत गंभीर आहे.