सांता फे एका दिवसात, एकटीने आणि गाडीशिवाय बघून होईल का?

तुम्ही लिहिलंय की कामासाठी दोन आठवडे अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीला आहात, गाडी चालवत नाही, एक शनिवार मोकळा आहे आणि एकटीने सांता फेला जाण्यात काही अर्थ आहे का. आहे. मी ऑगस्टमध्ये हेच केलं, त्यावरून सांगते.

रेल रनर नावाची आगगाडी अल्बुकर्कीच्या डाउनटाउनमधून साधारण दीड तासात सांता फेला पोचवते. दारं लागताना कार्टूनमधल्या रोडरनरसारखं ‘मीप मीप’ वाजतं. शनिवारी गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवा. वाटेत प्वेब्लो लोकांच्या जमिनी लागतात. मूळ रहिवाशांची ही गावं, आणि तिथे फोटो काढायला मनाई आहे. पाण्याची बाटली विसरू नका. शहर सुमारे सात हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही जवळजवळ ५०० मीटर वर. मला अकरा वाजताच डोकेदुखी लागली होती.

स्टेशनवरून प्लाझा, म्हणजे गावातला मुख्य चौक, पंधरा मिनिटांवर. मी बार्शीकडची, आजोळचं घर माळवदाचं. इथे एका राज्याच्या राजधानीत बँक, हॉटेल, पार्किंगची इमारत, सगळंच मातीच्या रंगाचं आणि सपाट छपराचं. भिंतीतून ओंडक्यांची टोकं बाहेर डोकावतात. त्यांना ते व्हिगा म्हणतात, मला ते सरेच वाटले. पाणी बाहेर फेकायला पन्हळीसुद्धा आहेत! हात लावून पाहिलं तर कित्येक भिंती सिमेंटच्या निघाल्या. १९५७ साली शहराने नियमच केला की जुन्या भागातलं बांधकाम याच धाटणीचं हवं. त्यामुळे काही माती खरी, काही नुसतं सोंग, आणि कुठली कुठली ते ओळखत फिरणं हाच माझा दिवसभराचा खेळ झाला. खरी भिंत कोपऱ्यावर गोलावते आणि इतकी जाड असते की खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसावं.

सगळ्यात जास्त वेळ पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सला द्या. नाव राजवाड्याचं, पण आहे बैठी, लांबलचक मातीची इमारत. १६१० च्या सुमाराला स्पॅनिशांनी गाव वसवलं तेव्हाची. १६८० च्या ऑगस्टमध्ये प्वेब्लोंनी उठाव केला. पोपे नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याने गावोगावी गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या होत्या: रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की उठायचं. दोन निरोपे पकडले गेल्यामुळे ठरल्या दिवसाआधीच भडका उडाला. गव्हर्नर याच इमारतीत कोंडला गेला, पाण्याचा पाट तोडला गेला, आणि शेवटी स्पॅनिशांना गाव सोडावं लागलं. पुढची बारा वर्षं इथे प्वेब्लो कुटुंबं राहिली. १६८० म्हणजे आपल्याकडे महाराज गेले ते साल. शाळेत ते पाठ झालेलं, पण त्याच वर्षी दुसऱ्या टोकाला हे घडत होतं याची मला गंधवार्ता नव्हती.

त्याच इमारतीच्या ओसरीवर आज प्वेब्लो आणि इतर मूळ जमातींचे कारागीर चादर अंथरून चांदीचे, पिरोजाचे दागिने आणि मातीची भांडी विकतात. माल स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हातचाच असावा लागतो, आणि विकणारे जास्त झाले तर सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा ठरते. इथे तुळशीबागेसारखी घासाघीस करू नका, बरं दिसत नाही. मी एका आजींकडून कानातलं घेतलं. कुठली म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून ‘इंडियन’ निघून गेलं. त्या म्हणाल्या, ‘मीसुद्धा!’ मग पुढची वीस मिनिटं आम्ही मातीच्या भिंतींवर बोलत होतो. दरवर्षी लिंपावं लागतं ही तक्रार दोन्हीकडे सारखीच.

लोरेटो चॅपलचा आधाराविना उभा दिसणारा गोल जिना बघायला तिकीट आणि रांग आहे. सुतारकाम सुंदर, पण वेळ कमी असेल तर खुशाल सोडा. त्यापेक्षा कॅथेड्रलमध्ये डोकवा. लामी नावाच्या फ्रेंच बिशपने १८६९ मध्ये जुन्या मातीच्या चर्चभोवतीच हे दगडी बांधायला घेतलं, आणि भिंती उभ्या राहिल्यावर आतलं जुनं पाडून बाहेर काढलं. त्यातला मातीचा एक छोटा भाग बाजूला अजून आहे, तो नक्की शोधा. जवळच १०९ ईस्ट पॅलेस हा पत्ता आहे. १९४३ पासून लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पावर येणारे शास्त्रज्ञ आधी इथे हजर व्हायचे. बघायला जवळपास काहीच नाही, पण मला उभं राहावंसं वाटलं. चित्रकार जॉर्जिया ओकीफच्या म्युझियमचं तिकीट आधी काढा. कॅनियन रोडवरच्या गॅलऱ्या चकटफू, पण पाय दुखेपर्यंतच.

जेवायला एकटीने टेबल अडवण्यापेक्षा काउंटरवर बसा, गप्पाही होतात. ‘रेड ऑर ग्रीन?’ असं विचारतील, म्हणजे लाल मिरचीचा रस्सा की हिरव्या. दोन्ही हवे असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. शाकाहारी असाल तर रश्शात डुकराचं मांस आणि बीन्समध्ये चरबी आहे का ते आधी विचारा, बऱ्याचदा असते. भाजलेल्या हिरव्या मिरचीचा वास थेट ठेच्याचा. सोबत सोपापिया येते, टम्म फुगलेली चौकोनी पुरी. कोपरा तोडून आत मध ओतायचा.

जुलै-ऑगस्टमध्ये जात असाल तर दुपारच्या पावसाचा हिशोब धरा. तिथलेही त्याला मान्सूनच म्हणतात. चारच्या सुमाराला आभाळ फुटलं तेव्हा मी परत त्याच ओसरीवर होते. आजींनी चादरीवर प्लास्टिक ओढलं, आणि समोरच्या पन्हळींतून धारा रस्त्यावर पडायला लागल्या, आजोळी पडायच्या तशाच. मी बघतच बसले. मग गाडीसाठी भिजत, धापा टाकत पळावं लागलं. डबा जवळजवळ रिकामा होता, आणि माझ्या चपलांना लाल चिखल.