दागिन्याच्या पोटात लाख का भरतात?

प्रिय मनू,

तू एका दमात दोन प्रश्न विचारलेस. आजीच्या कोल्हापुरी साजाचं एक पान सोनारानं उघडलं तेव्हा आतून तपकिरी लाख निघाली, मग ते सोनं खोटं का? आणि तुझ्या मैत्रिणीच्या, शेखावतांच्या लग्नात नवरीच्या गळ्यातल्या आडीला (आड म्हणजे राजपुतांचा गळ्यालगतचा हार) समोर खडे आणि मागे रंगीत फुलं होती, तशी आपल्या दागिन्यांना का नसतात?

आधी खोटेपणाचं बघू. साजाची पानं पातळ पत्र्याची, आतून पोकळ असतात. रिकामी ठेवली तर अंगठ्याच्या दाबानंही चेपतात. म्हणून गरम लाख आत भरतात. ती थंड झाली की पत्र्याला आतून आधार मिळतो. एकवीस पानांचा साज भरीव केला तर त्याचं वजन मानेला पेलवणार नाही आणि किंमत खिशाला. लाख ही फसवणूक नाही. ती सोन्याच्या भावानं विकली तर मात्र फसवणूक. समजा साज 32 ग्रॅम भरला आणि त्यात लाख 5 ग्रॅम असेल, तर पावतीवर सोनं 27 ग्रॅमच दिसलं पाहिजे. एकूण वजन आणि निव्वळ वजन हे दोन आकडे वेगळे लिहून मागायचे, मग सोनार कितीही ओळखीचा असो.

आता शेखावत. राव शेखा या पंधराव्या शतकातल्या सरदाराचे ते वंशज, म्हणजे आमेरच्या कछवाह राजपुतांची एक शाखा. हे कूळ तुला इतिहासातून माहीत आहे: 1665 साली ज्यांच्याशी शिवाजी महाराजांचा पुरंदरचा तह झाला ते मिर्झाराजे जयसिंग कछवाहच. त्यांच्याही आधीचे राजा मानसिंग अकबराचे सेनापती होते. त्यांनी लाहोरहून शीख मीनाकार, म्हणजे दागिन्याच्या मागची ती रंगीत फुलं करणारे कारागीर, आमेरला आणून वसवले असं सांगतात. पुढे सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये जयपूर वसवलं आणि हे काम त्या शहराचं झालं. राज्य कछवाहांचं, पण हात त्या कारागीर घराण्यांचे, बापाकडून मुलाकडे गेलेले. अशाच एका घराण्यातले सरदार कुदरतसिंग यांना 1988 मध्ये पद्मश्री मिळाली.

एक आड एका माणसाच्या हातून होत नाही. सोनार सोन्याचा साचा घडवतो, दुसरा त्यावर नक्षी कोरतो, तिसरा मीना भरतो, चौथा खडे बसवतो, पाचवा रेशमात ओवतो. मागची बाजू आधी पुरी करावी लागते, आणि याचं कारण लाखच आहे. मीना म्हणजे धातूंच्या भस्मांनी रंगवलेली काच. ती वाटून, धुऊन, ओली असतानाच कोरलेल्या खोबणीत भरतात आणि 700 ते 800 अंशांच्या भट्टीत वितळवतात. लाख तर पाण्याला उकळी फुटण्याआधीच वितळते. म्हणून भट्टीचं सगळं काम संपल्यावरच लाख भरायची.

खोबणीचा तळ गुळगुळीत ठेवत नाहीत, त्यावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढतात. त्यामुळे काच धरून राहते आणि खालचं सोनं रंगातून चमकतं. जास्त आच सोसणारा रंग आधी, नाजूक रंग शेवटी, असा क्रम. पांढरा पहिला, लाल अखेरचा. लाल सगळ्यात हट्टी: आच जरा वाढली की काळवंडतो, आणि खरा माणकासारखा लाल फक्त चांगल्या कसाच्या सोन्यावरच खुलतो, चांदीवर नाही. मीनाकाराचा हात जोखायचा तर आधी लाल बघायचा, असं माझं मत. शिवाय मागची ही काच मऊ सोन्याला अंगावर घासून झिजण्यापासूनही वाचवते.

मग पुढची बाजू. साच्याच्या घरात सुरमा मिसळलेली लाख भरतात, ती कोमट असताना तीत खड्याची जागा करतात, चांदीचा चकचकीत वर्ख ठेवतात आणि वर पोलकी, म्हणजे पैलू न पाडलेला हिरा, दाबतात. त्याला स्वतःचं तेज कमी, वर्ख ते परत फेकतो. नंतर कडेवरची लाख खरवडून सोनं लख्ख करतात, कारण लाखेचा डाग राहिला तर पुढचं काम धरत नाही. मग 24 कॅरेट सोन्याची मऊ पट्टी, तीच कुंदन, पोलादी सळईनं खड्याभोवती थरावर थर दाबत जातात. ना डाख (धातू जोडायचं झाळण), ना आच. स्वच्छ शुद्ध सोनं शुद्ध सोन्यावर नुसत्या दाबानं एकजीव होतं. पट्टीत जरा मिसळ असली तर ती कडक होते, चिकटत नाही आणि पुढे खडा हलायला लागतो.

आपल्याकडे हे अजिबात नाही असं नाही. तन्मणीचं खोड, जुन्या घराण्यांतल्या काही चिंचपेट्या यांत कोंदणकाम असतं. पण आपल्या बायकांनी सोनं बहुतेक मण्यांत, पुतळ्यांत, तारेत घेतलं: ठुशी, बोरमाळ, पुतळीहार, मोहनमाळ. अडचणीला मोडीत घातलं तर 22 कॅरेटचा भाव जवळजवळ पुरता परत येतो. आडीत मात्र पैसा हातकामात, खड्यांत आणि मीन्यात असतो. ती वितळवली तर त्यातलं फारच थोडं हाती येतं. म्हणून ती मोडायची नसते, मुलीला द्यायची असते. आपल्या सरकारनं 2021 मध्ये दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा केला तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडाऊ काम त्यातून वगळलं. म्हणजे असा दागिना घेताना कारागिराच्या लेखी हिशेबावरच भिस्त.

काही दुकानांत दागिने थरथरत्या पाण्याच्या मशीनमध्ये टाकून मोफत धुऊन देतात. त्यात साज नाही द्यायचा आणि मैत्रिणीलाही सांग, आड तर मुळीच नाही. खड्याखाली पाणी शिरलं की वर्ख काळा पडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. तो उघडून पुन्हा बसवल्याशिवाय उपाय नाही. अत्तर आणि केसांचा फवारा आधी, दागिना शेवटी. ड्रायरच्या झोतात किंवा उन्हातल्या गाडीत लाख मऊ पडते. साजाची कडी तुटली तर सोनाराला आधीच सांगायचं की आत लाख आहे. नाही तर तो डाख लावायला ज्योत धरेल, लाख आत उकळेल आणि पानाची शिवण फुटेल. लाख काढून, कडी डाखून, परत लाख भरून घ्यायची, आणि परत आणताना वजन करून घ्यायचं.

तुझी आई