बर्फाखाली मासे मरतात ते थंडीनं नाही

दादा, भाच्यानं अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या गोठलेल्या तळ्याचा व्हिडिओ पाठवला आणि तुम्ही विचारलंत की वरून असं झाकण बसल्यावर खालचं पाणी नासत कसं नाही, मासे जगतात कसे. मी जालन्याकडं शेततळ्यात बारा वर्षं रोहू-कटला करतोय, त्यामुळं हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी हे बघा, पाणी सगळ्यात जड असतं 4 अंशाला, म्हणून ते तळाशी बसतं आणि बर्फ वर तरंगतो, खाली माशाला जागा राहते. आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, शून्य अंशाला लिटरमागं 14.6 मिलिग्रॅमपर्यंत, आपल्याकडं 30 अंशाला जेमतेम साडेसात. म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला तिथला मासा आपल्या माशापेक्षा सुखातच असतो.

पण बर्फ धरला की हवेतून येणारा ऑक्सिजन बंद. बर्फ काचेसारखा असला तर ऊन आत जातं, शेवाळ थोडाफार ऑक्सिजन बनवत राहतं, पण त्यावर भुसभुशीत हिम साचलं की अंधार, आणि तळातला गाळ मात्र कुजतच असतो, तो काही थांबत नाही. आमच्याकडं एका श्रावणात चार दिवस झड लागली, आभाळ उघडलंच नाही, पाचव्या दिवशी पहाटे मासे वर येऊन आ करत होते आणि मी एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लावेपर्यंत बरेच गेले. हिशोब तोच, फक्त तिथं तो चार-पाच महिने चालतो. उथळ आणि गाळ भरलेलं तळं त्यात आधी जातं, म्हणून तिकडंही काही तळ्यांत हिवाळाभर एरेटर चालवतात.

ऑक्सिजन संपत गेला की बाकीचं पाणीही बदलतं. कार्बन डायऑक्साइड कोंडून पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडं झुकतं, तळाशी अमोनिया आणि मिथेन साठतो, गाळातल्या लोखंडानं धरून ठेवलेलं फॉस्फरस सुटून पाण्यात येतं आणि वसंतात बर्फ वितळून वारं लागलं, पाणी वरखाली झालं की तेच शेवाळाचं खत होतं. क्षारांचं पण आहे, बर्फ धरताना क्षार बाहेर ढकलतो त्यामुळं खालचं पाणी जरा खारट होतं. बोअरच्या पाण्याचा बर्फ फ्रीजमधे लावून बघा, कडा स्वच्छ आणि मधोमध पांढरं, कारण हवा नि क्षार सगळे आत लोटले जातात.

भाच्याला एवढंच विचारा, तळं किती खोल आहे आणि बर्फावर हिम किती साचतं, मग सांगतो तिथले मासे हिवाळ्यातून तगतील का नाही.