मुलं कमी झालेल्या देशात मूल घेऊन जाताना

तुमचा प्रश्न असा, की जपानमध्ये इंजिनिअरची नोकरी मिळतेय, मुलगी पाच वर्षांची आहे, तिकडे लोकसंख्या घटतेय. मग बाहेरच्यांना ते आता सामावून घेत असतील ना? व्हिसा, विमा वगैरे सरकारी संकेतस्थळावर वाचा. मला राहवलं नाही म्हणून बाकीचं लिहितोय.

माणसं हवीत, हे खरं. २०२४ मध्ये तिथे सात लाखांहूनही कमी बाळं जन्मली, जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.१५. पण २०१९ मध्ये कामगारांसाठी जो नवा व्हिसा काढला, त्याच्या पहिल्या प्रकारात बायकामुलं नेताच येत नाहीत. तुमचा इंजिनिअरचा व्हिसा वेगळा, तुम्हाला नेता येतील.

मग शाळा. परदेशी मुलांना तिथे शिक्षण सक्तीचं नाही. सरकारी शाळेत फी नाही, पण अर्ज आपणच करायचा. माझ्या मुलाला जपानी येत नव्हतं, म्हणून शाळेने त्याला विशेष मुलांच्या वर्गात बसवलं. घरी धडाधड पाढे म्हणणारा मुलगा! बाई हसतमुखाने म्हणायच्या, 'होईल हळूहळू.' त्याला फक्त भाषा शिकवा, एवढं पटवायला मी किती कागद भरले असतील! आजही आठवलं की डोकं फिरतं. गाव छोटं, पट इतका घसरलेला की पुढे ती शाळाच शेजारच्या शाळेत विलीन झाली. म्हणून स्वस्त घराच्या मोहाने लहान गावात जाऊ नका. रिकामी घरं देशभरात नव्वद लाख आहेत, ती उगाच रिकामी नाहीत. तरुण सगळे टोकियोत. तिथेही मुलं होत नाहीत (२०२३ मध्ये जननदर एकच्याही खाली), पण टोकियोतल्याच निशिकासाई भागात आपली माणसं तरी भेटतील.

एकटेपणाचं विचारलंत. होते सवय.

आईवडिलांचं मात्र आधी बघा. त्यांना दीर्घकाळ न्यायचं तर 'उच्च कुशल' व्हिसा लागतो, नवराबायकोचं मिळून वार्षिक उत्पन्न किमान ८० लाख येन लागतं, आणि घरात सात वर्षांखालचं मूल. तेही एकाच बाजूचे, तुमचे किंवा बायकोचे. म्हणजे नातवंड सांभाळायला आजी चालते. आजीला सांभाळायचं असेल तर त्या नियमात जागा नाही. आमचा उत्पन्नाचा आकडा जमेपर्यंत मुलगा सातचा झाला होता. आई रत्नागिरीकडे एकटी असते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली. जपानी खेडी कशी ओस पडली यावर मी जेवताना तावातावाने बोलतो, आणि बायको गप्प बसते.

तुमच्या हातात दोन वर्षं आहेत. ऑफर लेटरवर सही करण्याआधी पगाराचा आकडा बघा. दोघांचे मिळून ८० लाख भरत नसतील तर आईवडिलांकडे विषयच काढू नका. उगाच बॅग भरून बसतील.