नातीची शाळा ‘सगळ्यांसाठी’ आहे, म्हणून ती कमी दर्जाची का?

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या थेम या गावी राहतो. नातीला तिथल्या लॉर्ड विल्यम्स शाळेत प्रवेश मिळाल्याचं मार्चमध्ये कळलं. मुलाचे मित्र शेजारच्या एल्सबरीत असतात, त्यांची मुलं परीक्षा देऊन ग्रामर शाळेत गेली. ते म्हणतात, थेमची शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह, तिथं कुणालाही घेतात. नात हुशार आहे, गणितात विशेष. आम्ही तिचं नुकसान तर करत नाही ना? जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. — एक आजी, सातारा

उत्तर : काकू, नुकसान मुळीच होत नाहीये. मी स्वतः इंग्लंडमधल्या अशाच एका बाजारपेठेच्या गावातल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत बरीच वर्षं गणित शिकवते आहे, आणि हा प्रश्न मला आपल्या मराठी घरांतून सतत विचारला जातो.

‘कुणालाही घेतात’ हे खरं आहे, आणि ते मुद्दाम ठरवून केलेलं आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इथं अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं वेगळी काढत. थोडी ग्रामर शाळेत जात, बाकीची बहुतेक सेकंडरी मॉडर्न म्हणजे निवड न झालेल्यांसाठीच्या शाळेत, आणि त्या दुसऱ्या वाटेनं विद्यापीठापर्यंत फार थोडे पोहोचत. १९६५ साली मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून, ही वाटणी बंद करून एकत्र शाळा करा, असं स्थानिक प्रशासनांना सांगितलं. थेमची जुनी ग्रामर शाळा १९७१ मध्ये तिथल्या सेकंडरी मॉडर्नशी जोडली गेली. तेव्हा शिक्षणमंत्री होत्या हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर, आणि त्यांच्याच कारकिर्दीत अशी रूपांतरं सर्वांत जास्त झाली. म्हणजे हा एका पक्षाचा हट्ट नव्हता. अकराव्या वर्षी आपल्या मुलावर ‘नापास’ असा शिक्का बसणं मध्यमवर्गीय आईबापांनाही नको होतं.

तुमच्या मुलाच्या मित्रांचं म्हणणं वेगळं का, तर मध्ये जिल्ह्याची हद्द आहे. एल्सबरी बकिंगहॅमशायरमध्ये येतं आणि त्या जिल्ह्यानं जुनी पद्धत सोडलीच नाही. तिथं आजही १३ ग्रामर शाळा आहेत. सप्टेंबरमध्ये, प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच परीक्षा होते, आणि १२१ गुण मिळाले की मूल पात्र ठरतं. ऑक्सफर्डशायरमध्ये सरकारी ग्रामर शाळा एकही नाही. दोन्ही गावांत अंतर दहाएक मैलांचं, पण एका गावातली दहा वर्षांची मुलं उन्हाळाभर क्लासला जातात आणि दुसऱ्या गावातली जात नाहीत. नात परीक्षेत मागे पडलेली नाही. तिच्या जिल्ह्यात ती परीक्षाच नाही.

आता थेमसारख्या गावाचा खरा फायदा सांगते. लंडनसारख्या शहरात कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा पुष्कळ, आणि चांगल्या शाळेजवळ घरं महाग. त्यामुळे परीक्षा नसली तरी घराच्या किमतीनं मुलांची निवड होतेच. थेममध्ये सरकारी माध्यमिक शाळा ही एकच. मंगळवारच्या बाजारात ठेला लावणाऱ्याची मुलगी, आसपासच्या शेतकऱ्यांची मुलं, रोज हॅडनमच्या स्टेशनवरून लंडनला जाणाऱ्या बँकवाल्याचा मुलगा, सगळे त्याच दारातून आत येतात. (फार पैसेवाले खाजगी शाळेत पाठवतात, ते सोडा.) तुम्ही साताऱ्याच्या, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. सगळ्या जातींच्या मुलांनी एका छताखाली राहून शिकावं म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तुमच्याच गावात वसतिगृह काढलं. ‘तिथं कुणालाही घेतात’ असं तेव्हाही कुणीतरी नाक मुरडून म्हटलंच असेल.

मग हुशार मुलीचं काय? माझ्या वर्गात मुलांकडे छोटे पांढरे फळे असतात. प्रश्न दिला की उत्तर लिहून सगळ्यांनी एकदम वर धरायचं. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती, असं एकदा विचारलं. घोकून आलेल्या मुलींनी झटक्यात अकरा बारांश लिहिलं. ‘छेद बारा का घेतला?’ म्हटल्यावर त्या गप्प. मागच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याच्या मुलानं फळ्यावर आयत काढून त्याचे बारा तुकडे केले होते, आठ एका रंगात, तीन दुसऱ्या रंगात. त्यानं ते सगळ्यांना समजावून सांगितलं. त्या मुली त्या दिवशी अपूर्णांक खरोखर शिकल्या. निवडून घेतलेल्या वर्गात तो मुलगा बसलाच नसता.

शिवाय सगळं सगळ्यांना एकत्रच शिकवतात असं नाही. बहुतेक शाळांत गणिताच्या तुकड्या पाडतात, त्यांना सेट म्हणतात. आपल्याकडच्या अ तुकडी, ड तुकडीसारखं ते पूर्ण वर्गाला लागू नसतं. मूल गणितात वरच्या आणि फ्रेंचमध्ये मधल्या सेटला असू शकतं, आणि सेट बदलतोही.

मुलाला एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत गणिताचे दोन स्तर असतात, हायर आणि फाउंडेशन. श्रेणी ९ ते १, त्यात ९ सर्वांत वरची. फाउंडेशनचा पेपर कितीही छान सोडवला तरी ५ च्या वर श्रेणी मिळत नाही. पालकसभेत ‘वागते कशी, मैत्रिणी आहेत का’ यातच आपली दहा मिनिटं संपतात आणि हा प्रश्न राहून जातो. तिथल्या नववीपासून (म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षापासून) दर वर्षी स्पष्ट विचारायचं, ‘ती हायरच्या वाटेवर आहे ना?’ त्याच सुमारास पर्यायी विषय निवडतात, तेव्हा विज्ञानाचे तिन्ही विषय स्वतंत्र घेता येतात का तेही बघावं. माझ्या मते शाळेच्या नावापेक्षा या दोन निर्णयांनी मुलीचं पुढचं शिक्षण जास्त ठरतं.

आणि एल्सबरीचं दार कायमचं बंदही झालेलं नाही. सोळाव्या वर्षी, ए-लेव्हलसाठी (आपल्या अकरावी-बारावीसारखा टप्पा) ग्रामर शाळा बाहेरची मुलंही जीसीएसईच्या श्रेणी पाहून घेतात. तेव्हा तिला स्वतःला जावंसं वाटलं तर जाईल.

तुम्ही जूनमध्ये जाताय ते बरं झालं. इथं शाळा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालू असते, आणि नव्या मुलांना माध्यमिक शाळेची ओळख करून देणारे दिवस साधारण त्याच सुमारास असतात. त्या दिवशी ती घरी आली की आधी जेवू द्या, मग ती आपणहून सांगेल ते ऐका. एल्सबरीचा विषय तिच्यासमोर काढू नका, मुलाशीच बोला. चर्चजवळची शाळेची सोळाव्या शतकातली जुनी इमारत तिला सोबत घेऊन बघून या. जॉन हॅम्पडेन त्याच शाळेत शिकला. संसदेला न विचारता लादलेला कर राजाला द्यायचा नाही म्हणून तो कोर्टात गेला, आणि पुढे यादवी युद्धात जखमी होऊन १६४३ मध्ये थेममध्येच वारला. ही गोष्ट तिला मराठीत सांगा. जीसीएसईला गुजराती, पंजाबी, बंगाली घेता येतं, मराठी नाही, त्यामुळे तिचं मराठी तुमच्याकडूनच व्हायचं आहे.