वाचकांचे प्रश्न : उंच इमारतीतील झोप

प्रश्न : न्यूयॉर्कमधील ‘४३२ पार्क अव्हेन्यू’ या निवासी इमारतीच्या छायाचित्रांत ठरावीक अंतरावर आरपार मोकळे मजले दिसतात. विकता येण्याजोगी जागा अशी का सोडली असावी? शिवाय इतकी सडपातळ इमारत वाऱ्याने मोडत कशी नाही?

उत्तर : आधी दुसरी शंका घेऊ, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे. वास्तुरचनाकार राफाएल विन्योली यांची ही इमारत २०१५ मध्ये पूर्ण झाली. तिची उंची सुमारे ४२६ मीटर असून चौरस तळाची प्रत्येक बाजू मात्र जेमतेम साडेअठ्ठावीस मीटरची आहे, म्हणजे उंची रुंदीच्या पंधरा पट. अशी इमारत मोडणार नाही एवढी मजबूत करणे अभियंत्यांना तुलनेने सोपे जाते. खरी कसोटी लागते ती आत राहणाऱ्याला शांत झोप लागेल इतके तिचे डुलणे आवरताना. कार्यालयात माणूस चालता-बोलता असतो आणि वादळाची चिन्हे दिसली तर लवकर निघूही शकतो. घरात मात्र तो अंथरुणावर निश्चल पडलेला असतो आणि त्या अवस्थेत अगदी बारीक हालचालही शरीराला जाणवते. म्हणूनच साधारण दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या जोरदार वाऱ्यात वरच्या मजल्यांचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या हजार भागांपैकी १५ ते १८ भागांपलीकडे जाऊ नये, असा दंडक निवासी इमारतींसाठी सामान्यतः पाळतात. कार्यालयांना २० ते २५ भागांपर्यंत मोकळीक असते.

वारा समोरून ढकलतो त्याचा त्रास त्या मानाने कमी. तो इमारतीच्या दोन्ही कडांवरून निसटताना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे आळीपाळीने भोवरे सोडतो आणि प्रत्येक भोवरा इमारतीला आडवा हिसका देतो. झोक्यावर बसलेल्याला नेमक्या वेळी नुसते बोट लावत राहिले तरी झोका चढत जातो. भोवऱ्यांचा ताल इमारतीच्या स्वतःच्या तालाशी जुळला की तेच घडते. त्यामुळे तो ताल जमूच न देणे, हा पहिला उपाय. कोणी इमारतीचे कोपरे कापतात, कोणी वर जाताना तिची रुंदी टप्प्याटप्प्याने घटवतात. (जाहिरातींत याचे श्रेय सौंदर्यदृष्टीला मिळते, त्यातले बरेचसे पवनबोगद्यातील, म्हणजे प्रतिकृतीवर कृत्रिम वारा सोडून केलेल्या, चाचण्यांचे असते.) ‘४३२ पार्क’मध्ये दर बारा मजल्यांनंतर दोन मजल्यांएवढी जागा वाऱ्यासाठी मोकळी ठेवली, जेणेकरून संपूर्ण उंचीभर सलग भोवरा तयार होऊ नये.

विकासकाचे त्यात नुकसान झाले, असेही नाही. हे मोकळे मजले यंत्रसामग्रीचे आहेत आणि असे मजले त्या वेळच्या नियमांनुसार चटईक्षेत्रात, म्हणजे बांधायला मंजूर असलेल्या एकूण क्षेत्रफळात, धरले जात नसत, त्यामुळे विक्रीचे क्षेत्रफळ न घटता वरची घरे आणखी उंच गेली, आणि उंचीलाच तेथे भाव आहे. ही पळवाट शहराने २०१९ मध्ये बरीच आवळली.

प्रश्न : अशा इमारतींच्या माथ्यावर शेकडो टनांचे वजन बसवतात, असे वाचले. वजन वाढवल्याने डुलणे कमी कसे होते?

उत्तर : वजनाने इमारत दाबून धरायची नसते, ते तिच्यामागून, उशिराने हलावे, एवढ्यासाठीच टांगलेले असते. इमारत एका बाजूला झुकली की वजन जडत्वामुळे मागे रेंगाळते, आणि त्या दोहोंमध्ये बसवलेले, मोटारीच्या शॉक अॅब्झॉर्बरसारखे दट्टे ही ओढाताण उष्णतेत घालवतात. त्याच शहरातील ‘१११ वेस्ट ५७ स्ट्रीट’ ही निवासी इमारत सुमारे ४३५ मीटर उंच आणि जेमतेम १८ मीटर रुंद आहे. तिच्या माथ्यावरील वजन सुमारे ८०० टनांचे आहे.

मात्र वजनाचा झुलण्याचा काळ इमारतीच्या काळाशी जुळावा लागतो. समजा, इमारतीला एकदा जाऊन परत येण्यास सात सेकंद लागतात. तर साधा लंबक सुमारे १२ मीटर लांब हवा, म्हणजे तीन-चार मजले त्यातच जातात, आणि तेही सर्वांत महागड्या उंचीवरचे. बांधकाम संपल्यावर इमारतीचा प्रत्यक्ष काळ उपकरणांनी मोजतात, कारण गणितातील आकड्याशी तो सहसा तंतोतंत जुळत नाही, आणि मग त्यानुसार लंबकाची लांबी कमी-जास्त करून घेतात.